चौसष्ट नंबरची गोटी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला मधली सुट्टी आठवली असेल, पण माझ्या पोटात खाऊ नाही, लाकडी गोट्या आहेत. लिंबाएवढ्या, मोजून एकशे वीस. मी आठ बाजूंचा, दोन खुंटांच्या मध्ये आडवा टांगलेला. कडेचा पितळी दांडा फिरवला की मी गरगर फिरतो. देशाचे कायदे जिथे होतात त्या सभागृहात, अध्यक्षांच्या समोरच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

सभागृहात एकशे वीस सदस्य आहेत. प्रत्येकाच्या आसनाला नंबर आहे आणि त्या नंबरची गोटी माझ्या पोटात आहे. मंत्र्यांना प्रश्न सगळ्यांनाच विचारायचे असतात, वेळ मात्र थोडा. म्हणून दर गुरुवारी दुपारी बाराला सोडत निघते. माझ्या झडपेतून एकेक करून पंधरा गोट्या काढतात, आणि ज्यांचे नंबर आले त्यांचेच प्रश्न त्या दिवशी घेतले जातात. मग गोट्या पुन्हा माझ्या पोटात. कोणी मंत्र्याचा जिवलग असो की कट्टर विरोधक, मला सगळे सारखे, असे मी मोठ्या तोऱ्यात स्वतःला सांगत असे.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. मी नीट फिरतो का हे बघायला त्याने नातवंडांच्या खेळातल्या गोट्या माझ्यात ओतल्या, आणि त्या परत मिळेपर्यंत नातवंडांनी घर डोक्यावर घेतले. असा हसतखेळत माझा जन्म झाला. सभागृहात आलो तेव्हा लोक मला बघायला रांगा लावत. पुढे सवय झाली. मी म्हणजे टेबलावरची एक वस्तू उरलो.

मग सभागृहाला पन्नास वर्षे झाली, आणि मला वॉर्निश लावायचे ठरले. लावणाऱ्यांचा उत्साह असा की त्यांनी मला आतूनही वॉर्निश फासले. ते वाळायच्या आत गोट्या भरल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दांडा फिरताच बाकीच्या गोट्या सुटल्या, पण एक कोपऱ्यात घट्ट चिकटून बसली. चौसष्ट नंबरची. पाहुणे म्हणाले, "वा, काय चकाचक दिसतोय!" मी बाहेरून मिरवत होतो आणि आतून मला ती गोटी सलत होती. पण डब्याला तोंड कुठले! चौसष्ट नंबरच्या आसनावरचे गृहस्थ तोंड उघडत ते जांभई द्यायला. त्यामुळे अकरा वर्षे कोणालाच पत्ता लागला नाही.

त्यांच्या जागी यंदा नवी सदस्य निवडून आली. वीस वर्षे शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. नखांतले काळे तेल धुऊनही गेले नव्हते. सगळे तिला 'मशीनवाल्या ताई' म्हणू लागले. तिच्या दुकानासमोर मोठा रस्ता आहे आणि पलीकडे दवाखाना. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी तिथला सिग्नल फक्त बारा सेकंद हिरवा राहतो. तिच्या म्हाताऱ्या आईला काठी टेकत पलीकडे जायला एकतीस सेकंद लागतात, आणि आठवड्यातून दोनदा जावे लागते. दर वेळी आई रस्त्याच्या मधोमध असतानाच गाड्या सुटायच्या. एकदा तर एक गाडी काठीला घासून गेली. चार वर्षे अर्ज लिहून थकल्यावर ही बाई निवडणुकीला उभी राहिली होती.

तिने पहिल्याच गुरुवारी तो प्रश्न लिहून दिला. नंबर आला नाही. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तोच. असे नऊ गुरुवार गेले. शेजारचे सदस्य म्हणायचे, "ताई, तुमची गोटी रुसलीय वाटतं!" ती हसायची आणि पुन्हा अर्ज भरायची. ते हसू बघून मला मेल्याहून मेल्यासारखे होई. दहावा गुरुवार अधिवेशनाचा शेवटचा होता. त्यानंतर सभागृह सहा महिने बंद राहणार होते आणि आई तोच रस्ता तशीच ओलांडणार होती.

त्या दिवशी ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. माझा दांडा फिरवणारे कारकून काका कामाला लागले. तिने कान टवकारले.

"काका, थांबा जरा. दर फेऱ्याला एकाच जागी टक् वाजतंय."

"अहो ताई, तीस वर्षं फिरवतोय मी. हा असाच वाजतो."

"मशीन कधी 'असंच' वाजत नाही, काका. आत काहीतरी अडकलंय. उघडा ना."

काकांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी मान हलवली. झडप उघडली गेली आणि काकांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. मित्रांनो, मला त्या क्षणी गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होते! कट् असा आवाज झाला. गोटी सुटली. काकांनी ती उजेडात धरली, नंबर वाचला आणि मटकन खाली बसले.

"ताई, चौसष्ट! वॉर्निश ओलं असताना गोट्या मीच भरल्या होत्या. माझंच चुकलं."

"अहो काका, सापडली ना? मग झालं तर!" तिने त्यांना हात देऊन उठवले.

कोणीतरी ओरडले, "गोटी परत टाका आणि सोडत काढा!" अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "डब्यात हात घातला, गोटी बाहेर आली. आमच्या नियमात ह्यालाच सोडत म्हणतात. पहिला नंबर चौसष्ट." सदस्यांनी बाके अशी बडवली की मी खुंटांवर हललो.

ती बोलायला उभी राहिली. सुरुवातीला ती कागदावरून वाचू लागली. मग तिने हातातला कागदच बाजूला ठेवला.

"अध्यक्ष महोदय, मी भाषण करत नाही. मी मोजून दाखवते. आपल्या सगळ्यांत वडीलधारे असलेल्या आजोबांनी कृपया समोरच्या बाकापर्यंत चालावं. काका, तुम्ही बारा मोजा."

आजोबा म्हणजे ब्याऐंशी वर्षांचे सदस्य. ते तर खुशीत निघाले. काका मोजू लागले. "अकरा, बारा!" आजोबा नेमके माझ्या टेबलाशी पोचले होते. निम्मे अंतर बाकी होते.

"आता गाड्या सुटल्या," ती म्हणाली.

कोणी हसले नाही. आजोबाच मागे वळून वाहतूक मंत्र्यांना म्हणाले, "काय हो, मी आता काय करू? पळू?" तेव्हा मात्र हास्याचा असा स्फोट झाला की मंत्रीही खदखदून हसले. त्यांनी फाईल बघितलीच नाही.

"सोमवारपासून पस्तीस सेकंद," ते म्हणाले.

"आणि बाकीचे रस्ते?" तिने लगेच विचारले. "सगळ्यांच्याच आया आहेत, साहेब."

"बाकीचेही मोजायला घेतो. दोन महिन्यांत अहवाल ठेवतो."

ती दारापाशी गेली, फोन लावला आणि डोळे पुसत म्हणाली, "आई, सोमवारपासून सावकाश चाल गं."

मित्रांनो, आता दर अधिवेशनाआधी काका मला उघडतात, आतून पुसतात आणि एकशे वीस गोट्या मोजून घेतात. एवढी काळजी सगळ्याच डब्यांची घ्या, ही माझी विनंती. आणि कोणाची पाळी कधीच येत नसेल, तर त्याच्या नशिबाला हसू नका. आधी डबा उघडून बघा.