गालाला गार लागलेला ताग

त्या शेवटच्या साध्या दिवशीही बाबांनी गाडीचं दार दोनदा ओढलं. एका ओढीत ते कधी लागलंच नाही.

"विका आता ही, बाबा. भंगारवालासुद्धा नाक मुरडेल," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली.

"तूही रोज मुरडतेस. तरी बसतेस ना?"

ती हसली. वाटभर बाबांची बोटं दारावरच्या एका फोडावर फिरत राहिली. तिच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी ते म्हणाले, "डबा विसरलीस." ती परत फिरून डबा घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी बाबा उठलेच नाहीत.

मित्रांनो, तो फोड माझ्या अंगावरचा. मी त्या जुन्या गाडीच्या दारातला ताग आहे. दाराच्या आतल्या बाजूला जिथे तुम्ही कोपर टेकता, तिथलं अस्तर म्हणजे मी.

एके काळी मी शेतात उंच उभा होतो. मग मला कापून पाण्यात निजवलं. दिवसचे दिवस वरून ढग सरकत, माझी साल सैल होत जाई, आणि मी काडी आहे की पाणी, हे माझं मलाच कळेनासं झालं. पुढे मला सोललं, धुतलं, वाळवलं. पण पाण्याची ओढ सुटली नाही. हवेत जरा ओल आली की मी ती गुपचूप पिऊन घेतो.

कारखान्यात मात्र हाच माझा दोष ठरला. तिथे मला प्लॅस्टिकच्या धाग्यांबरोबर पिंजून जाड चादरी करत. त्या तापवून साच्यात दाबल्या, की वितळलेलं प्लॅस्टिक मला घट्ट धरी आणि हलकं, मजबूत अस्तर तयार होई. तेव्हा हे सारं नवं होतं. बाबा दाबयंत्रावरचे जुने कारागीर. मुलगी नुकतीच इंजिनिअर होऊन तिथेच लागलेली.

पहिलं अस्तर पाहायला बाहेरून पाहुणे आले, त्या दिवशी बाबांनी थप्पीतली मधली चादर ओढून गालाला लावली. ती चादर मी होतो.

"गार लागतंय. अजून तासभर भट्टीत राहू दे."

"बाबा, पाहुण्यांसमोर गाल काय लावता?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मीटर कोरडं दाखवतोय. घ्या."

ओल मोजणारा तो मीटर खोटा नव्हता. तिने तो फक्त सगळ्यात वरच्या चादरीला लावला होता.

बाबांनी मला साच्यात ठेवलं. साचा मिटला. माझ्या आत लपलेलं ते जुनं पाणी जागं झालं, वाफ होऊन वाट शोधू लागलं. वाट नव्हती. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर अंगठ्याएवढा फोड होता.

"घाई कोणी केली?" साहेबांनी विचारलं.

मुलीने तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले, "माझीच झाली, साहेब."

तिने तोंड मिटलं.

त्यानंतर बाबांना दाबयंत्रावर कुणी उभं केलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खोकी बांधली. मला त्यांनी भंगारातून मागून आणलं, कानशीने घासून आपल्या गाडीला बसवलं. माप काही जुळलं नाही. म्हणून तर दार दोनदा ओढावं लागे. पुढे मुलीने थप्पीतली प्रत्येक चादर मोजायची पद्धत बसवली, तिचं कौतुक झालं. घरी तो विषय ना त्यांनी काढला, ना तिने.

बाबा गेल्यावर माझ्यावर धूळ साचली. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. पण आपली चूक ज्याने अंगावर घेतली, त्याच्याशी तो असेतोवर बोलून घ्या. फोड बोटाला कळतो. बोलल्याशिवाय कानाला काही कळत नाही.

आज भंगारवाला यायचा आहे. ती किल्ली घेऊन आली आणि पहिल्यांदाच बाबांच्या जागेवर बसली. दार दोनदा ओढलं. बाहीने माझी धूळ पुसली, वाकली, आणि फोडावर गाल टेकवला.

"गार लागतंय, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशीही गारच होतं. घाई माझी झाली होती."