रात्री मुली कोणाकडे

बालकल्याण समितीच्या खोलीबाहेर आई बाकाच्या एका टोकाला बसली होती. पलीकडच्या टोकाला तिचा भाऊ, मुलींचा मामा. धंद्याने न्हावी, जन्माचा बोलका. पण बहिणीशी त्याचं बोलणं तिच्या लग्नापासून तुटलेलं. आज आला होता तो समितीने बोलावलं म्हणून.

आत थोरली होती. एकटी.

"आधी मुलीचं ऐकू, मग मोठ्यांचं," असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या तेव्हाच आई धास्तावली होती. कारण बालगृहातल्या भेटीत तिने पोरीला पढवून ठेवलं होतं, 'कुलपाचं विचारलं तर एकदाच झालं म्हण.' थोरली नुसती धाकटीच्या वेण्या घालत राहिली होती.

आणि कुलूप काही एकदाच लागलं नव्हतं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीला. नवरा घर सोडून गेल्यावर मुलींना रात्री कोणाच्या भरवशावर टाकायचं? मग ती बाहेरून कुलूप घालून जायची. एका रात्री धाकटीला तापात फिट आली. थोरली दार बडवून बडवून ओरडली, शेवटी शेजाऱ्यांनी कोयंडा तोडला. पोर वाचली, पण लगेच दोघींची रवानगी बालगृहात झाली.

दार उघडलं. दोघांना आत बोलावलं. थोरली मान खाली घालून बसली होती.

"तुला जे सांगायचंय ते सांग, बाळ. घाई नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"मला घरी यायचंय."

आईचा जीव भांड्यात पडला.

"पण आई रात्री नसेल तेव्हा नाही. परत तिला काही झालं तर मी काय करू?"

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं, तुमच्यासाठीच राबते ना मी!"

"माहितेय मला," थोरली म्हणाली आणि रडायला लागली.

अध्यक्षीणबाई उठल्या. "आम्ही बाहेर थांबतो. रात्रीचं काय करायचं ते तुम्ही घरच्यांनी बसून ठरवा. मुली सुखरूप राहणार असतील तर मान्य करू. नसतील तर नाही म्हणू, तेही तोंडावर."

खोलीत तिघंच उरली. आता हा जुनं सगळं उगाळणार, आईला वाटलं. मामा मात्र नखं बघत बसला होता.

"मी पाळी बदलून मागते," ती म्हणाली.

"मागितली होतीस ना?" थोरलीने विचारलं.

"नाही म्हणाले."

"मग आम्ही मामीकडे झोपू."

मामी! दोन्ही बाळंतपणांत जी फिरकली नाही ती! "तिच्या दारात मी जाऊ?"

"तू नको जाऊस. आम्ही जाऊ."

मामाला हसू आवरेना. "आईवर गेलीय पोरगी!" मग तो गंभीर झाला. "दुकानावरच खोली आहे आमची. बायको काल म्हणाली, तुम्ही तिथे तोंड उघडलं नाहीत तर मीच जाऊन बोलेन."

"ती असं म्हणाली?"

"आणखीही बरंच म्हणाली. ते राहू दे."

आईला हो म्हणवेना. मुली तिकडेच रमल्या तर? "सकाळी परत याल ना गं?" तिने विचारलं.

"तूच ये न्यायला," थोरली म्हणाली.

समितीने तात्पुरतं मान्य केलं. समितीची कार्यकर्ती घरी येऊन बघणार होती, थोरलीशी वेगळं बोलणार होती. अजून पक्कं काहीच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी आईने मुलींना मामाच्या जिन्यापर्यंत सोडलं. मामी खाली आली, तिने एवढंच विचारलं, "तापाचं औषध कुठलं, किती?" आईने सांगितलं. पुन्हा सांगितलं. मामीने न चिडता ते म्हणून दाखवलं.

रात्रभर आईचे हात चादरींत आणि चित्त त्या जिन्यावर. पाळी सुटताच ती जवळजवळ धावतच निघाली. मामीने वर बोलावलं. धाकटी मामीच्या अंथरुणात, मामीच्या उशीवर झोपली होती. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

पलीकडे थोरली तोंड उघडं टाकून घोरत होती. एरवी आई कामावरून यायची तेव्हा ही भिंतीला टेकून टक्क जागी असायची. तिला उठवायचा आईला धीर होईना. ती तिथेच, मामीच्या घरात, जमिनीवर टेकली.