खरं घडलेलं, चाळीस शब्दांत

दादरच्या आमच्या कॉलेजात लेखनाच्या तासाला सलोनी मॅडमनी असाइनमेंट दिली. पंधरा दिवस, रोज एक इन्स्टा पोस्ट, चाळीस शब्दांत. विषय शेजार. अट एकच, जे लिहाल ते त्या दिवशी खरंच घडलेलं असावं. निबंधापेक्षा बरं, म्हणून बाकीची पोरं खूश झाली. माझी मात्र बोंब झाली.

शेजार आम्हाला होता, पण चाळीत. काळाचौकीची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि तीच सगळी माणसं एकविसाव्या मजल्यावर दारं लावून बसली. आई-बाबा नऊला घरी येतात. तोवर मी आणि फ्रिजची घरघर. लिहू कुणावर, लिफ्टवर?

मग मी सरळ थापा मारल्या. बाजूच्या फ्लॅटमधल्या मालनकाकूंनी आज घावणे दिले. आज त्यांनी माझी वेणी घातली आणि जावेच्या भांडणाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. काकूंनी चाळीत खरंच केलेलं जुनंपानं सगळं 'आज' म्हणून खपवलं. वर्ग फिदा. लोकांना हेवा वाटायला लागला. घरी एकटी बसून मीच त्या पोस्ट पुन्हा पुन्हा वाचायचे आणि मला रडू यायचं.

चौदाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्याबद्दल लिहिलंत, त्यांच्या आवाजात 'हो, असंच झालं' एवढं रेकॉर्ड करून आणा. नाहीतर शून्य." शून्य म्हणजे मी नापास.

त्या संध्याकाळी चार वर्षांत पहिल्यांदा मी बाजूची बेल दाबली.

"कोण आसा?" दार न उघडताच काकूंनी विचारलं.

"आकांक्षा."

"खंयची आकांक्षा?"

चौदा दिवस मी हिच्या हातचे घावणे खात होते! "बाजूची, काकू," मी म्हटलं. तेव्हा कुठे दार उघडलं.

घरात टीव्ही चालू होता, पण बघायला कुणी नव्हतं. मी सगळं कबूल केलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी चौदाच्या चौदा पोस्ट वाचल्या, ओठ हलवत, सावकाश. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"घावणे करून दोन वर्षां झाली," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी कोण पीठ वाटता?"

"सॉरी काकू. मी मॅडमना खरं सांगते."

"गप बस. खंय बोलूचा?"

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. काकूंनी पदर सारखा केला आणि देवापुढे शपथ घ्यावी तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "होय. असाच झाला."

मी पास होणार होते. तरी मला तिथून उठवेना.

"संपला तुझा लिवणा?" त्यांनी विचारलं.

"नाही, उद्याची एक राहिलीय."

काकूंचा मुलगा, सुशांतदादा, विरारला असतो. शेवटचा कधी आला होता ते मला ठाऊक नाही. काकूंनी टीव्ही बंद केला आणि माझा हात धरला.

"मगे फाल्या असा लिव," त्या म्हणाल्या, "सुशांत इलो, जेवलो, रातभर रवलो. असाच झाला म्हणान मी सांगतंय."