मदत दाराशी आली तेव्हा

हार्मेनने पडदे ओढले नव्हते. एन्सखेडे या डच शहरातल्या त्या गल्लीत दिवसाढवळ्या पडदे ओढणं म्हणजे घरात काहीतरी काळंबेरं आहे, हे स्वतःच जाहीर करणं. म्हणून बेल वाजताच तो मोठ्या खिडकीखाली जमिनीवर पालथा पडला आणि श्वास रोखून राहिला.

गोदामातलं काम सुटल्यापासून भाडं थकलं होतं. शेजारच्या टोसकाकूंच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी कुंपणावरून धीर दिला होता, की आता कायदाच झालाय. भाडं थकलं की घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेनं नगरपालिकेला कळवायचं आणि नगरपालिकेनं आपणहून दारात माणूस पाठवायचा, मदतीला. हार्मेनच्या बहिणीकडेही अशीच मदत आली होती. आलेल्या माणसांनी रिकामा फ्रिज पाहिला आणि तिची दोन्ही पोरं परक्या घरी नेऊन ठेवली. हार्मेनला एकच मुलगी, लीके, आई नसलेली. घर गेलं तर तो कुठेही पडून राहिला असता. लीके गेली तर त्याचं काहीच उरणार नव्हतं.

बेल पुन्हा वाजली. मग भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज आला आणि त्याने ओळखलं, लीके आली. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, हे तो भीतीपायी साफ विसरला होता.

"तू लीके ना? बाबा आहेत घरात?" बेल वाजवणाऱ्या बाईचा आवाज मऊ होता. त्या मऊपणाचीच त्याला जास्त भीती वाटली.

"नाहीत. कामावर गेलेत," लीके म्हणाली. "आमचं सगळं व्यवस्थित आहे. मी रोज डबा नेते शाळेत."

डब्याचं कोणी विचारलंही नव्हतं. हार्मेनने तिला यातलं एक अक्षर शिकवलं नव्हतं. पोरगी जराही अडखळली नाही, म्हणजे हे ती आधीही कुणाकुणाला सांगत आली होती.

उठून त्याने दार उघडलं. लीकेचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, आत जा," ती कुजबुजली आणि त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.

बाईने नगरपालिकेचं ओळखपत्र दाखवलं, भाड्याचं काय करता येईल ते बोलायला आलेय म्हणाली. हार्मेनच्या कानात त्यातलं काहीच शिरत नव्हतं.

"माझी मुलगी नेणार का तुम्ही?"

"नाही हो. त्यासाठी नाही आले मी."

लीके जागची हलली नाही.

"हे लिहून द्याल?" तिने विचारलं.