चष्मा पुसण्याचा नियम

आमच्या सॉरेल क्रीक गावच्या रोडिओचा, म्हणजे उधळ्या घोड्यांवर बसण्याच्या स्पर्धेचा, पहिला नियम असा: घोडा सुटण्याआधी पंचाने चष्मा पुसावा. बाहेरगावचे लोक वाचून हसतात. हसू देत. तो नियम माझ्या आईमुळे आला.

एकोणीसशे तेराची गोष्ट. तेव्हा कुंपण नव्हतं. घोडागाड्या गोल उभ्या केल्या की झालं मैदान. उधळ्या घोड्यावर तो दमेपर्यंत बसायचं आणि खोगिराच्या पुढच्या मुठीला हात लावायचा नाही. लागला की बाद. बक्षीस नवं कोरं खोगीर. आई लग्नापासून बाबांचं जुनं, उसवलेलं खोगीर वापरत होती, त्यामुळे तिचा या नव्यावर भारी जीव. आणि पंच होते बाबाच, कारण ऑरिन पिकेट खोटं बोलत नाही अशी त्यांची ख्याती.

शेवटी दोघंच उरली. बर्ल हॅस्कल सहाव्या उडीला धुळीत गेला. मग आई चढली. घोड्यानं गिरकी घेतली, आईचा तोल गेला आणि हात गपकन मुठीवर पडला. धुरळा इतका, की दिसलं असतं तर फक्त बाबांना. घोडा थांबल्यावर सगळे त्यांच्याकडे वळले. बाबा शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते.

"मला काही दिसलं नाही बुवा."

"अरे ऑरिन," बर्ल ओरडला, "त्या काचांवर गेल्या वर्षीचा चिखल आहे! आजच मुहूर्त सापडला होय तुला?"

लोक खो खो हसले आणि खोगीर आईला देऊन टाकलं.

घरी आईनं ते टेबलावर आदळलं. "माझा हात लागला होता."

"माहीत आहे."

"अकरा वर्षं कानीकपाळी ओरडतेय, चष्मा पूस, चष्मा पूस! पुसलास तो नेमका आज?"

"तुला मिळावं असं वाटलं गं."

"मला जिंकायचं होतं, ऑरिन." तिचे डोळे भरून आले. मला दोघांचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी तिनं खोगीर परत नेलं. "पुढच्या वर्षीच्या बक्षिसाला ठेवा. पण आधी नियम लिहा."

पुढच्या वर्षी बाबांनी गावासमोर चष्मा लख्ख पुसला आणि आई चढल्यावर घोड्याला इतके चिकटून उभे राहिले की थांबता थांबता त्यानं एक लाथ हाणलीच. चष्मा एकीकडे, बाबा दुसरीकडे. रक्ताळल्या नाकानं ते ओरडले, "हात लागला नाही! देवाशप्पथ, लागला नाही!"

पहिली टाळी बर्लची.

ते खोगीर आता माझ्याकडे आहे. आईनं तीस वर्षं वापरलं. बैठक पार झिजली, मूठ मात्र अजून कोरी आहे.