तांड्याचा शब्द

त्या रविवारी वर्षा तांड्यावर पोचली तेव्हा तिचे वडील, तांड्याचे नायक पूनमसिंग, ओसरीत बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते.

"आली का वकिलीणबाई," ते म्हणाले. "या हप्त्यात कोणता चोर सोडवला?"

"चोर नव्हता, बापू. चोर असता तर त्यानं माझ्यापेक्षा भारी वकील केला असता."

चुलीपाशी बसलेली तिची आई भुरीबाई हसली. नायकांनी सोललेले घाटे लेकीच्या ओंजळीत ओतले आणि पुढचे सोलायला घेतले.

बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा बंजारा तांडा. आसपास कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी इथं यायची. कागदावर 'तांड्यातील इसम' एवढंच लिहायचं आणि सापडेल त्याला उचलायचं, अशी रीतच पडून गेली होती. वर्षानं वकिली सुरू केली ती हे मोडायला. इसम म्हणजे कोण? त्याचं नाव लिहा, बापाचं नाव लिहा, त्यानं काय केलं ते लिहा. प्रत्येक खटल्यात तिचं पहिलं भांडण हेच. पुढं कोठडीत मेलेल्या एका पोराचं प्रकरण तिनं नागपूरच्या खंडपीठापर्यंत नेलं आणि तिचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं. आता एका पक्षाची माणसं तिला लोकसभेला उभं राहण्याची गळ घालत होती. एकेक माणूस सोडवत बसण्यात जन्म जाईल, कायदा होतो तिथं जाऊन बोलायला हवं, हे तिलाही पटत चाललं होतं. तिकीट अजून पक्कं नव्हतं. तरी बापूंना सांगायचं म्हणूनच ती आली होती. जेवण झालं की सांगू, असं तिनं ठरवलं.

पण जेवणाआधीच जीप आली. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार उतरला, मागं चार माणसं. ओसरीत सतरंजी अंथरली, तांड्यातली जाणती माणसं जमली. वर्षा आईबरोबर आत गेली. नायकाच्या बैठकीत लेकीनं बोलायचं नसतं.

तांड्याचं मत कुणाला, हे नायक ठरवत आला होता. घराघरात फिरायची कुणाला गरज पडत नसे. नायकानं सगळ्यांसमोर हातावर हात ठेवला की तांडा बांधला गेला. असा हात देऊनच पूनमसिंगांनी डांबरी रस्ता आणला होता, शाळेला खोल्या आणल्या होत्या. त्यांनी दिलेला हात कधी मागं घेतला नव्हता.

चहा झाला. जाणत्यांनी माना हलवल्या. दाराच्या फटीतून वर्षाला दिसलं, बापूंनी हात पुढं केला.

"काय पाहून राह्यली?" आईनं विचारलं.

"काही नाही, याडी."

संध्याकाळी नायक तिला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. दोघं बरंच बोलले. गाईबद्दल, वर्षाच्या धाकट्या भावाच्या, श्यामच्या पोराच्या तापाबद्दल, यंदाच्या तुरीबद्दल. एसटी दिसली तेव्हा ते म्हणाले, "आज तू गप गप होती. कोर्टात हारली का?"

"नाही, बापू."

"मग ठीक हाये."

मंगळवारी सकाळी बैल सोडायला गेलेले नायक गोठ्यातच कोसळले. दवाखान्याची गाडी फाट्यावर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुतकातच वर्षाच्या उमेदवारीची बातमी आली. आईनं ती ऐकली, पदर सारखा केला आणि विचारलं, "त्यायले माहीत होतं?" वर्षानं मान हलवली, नाही म्हणून. भुरीबाईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तेराव्याला श्यामच्या डोक्यावर नायकाची पगडी बांधली. बैठक उठायच्या आधी तांड्याचे कारभारी डोंगरसिंग खाकरले.

"आता मोठं काम. नायकानं तिकडं शब्द देल्ला. तवा आपल्याले कुठं माहीत होतं, आपलीच पोरगी उभी राहून राह्यली म्हणून? नायक नवा, तर शब्दबी नवा करू."

"मेलेल्याचा शब्द मोडतं का रे?" बायकांतून वर्षाची आत्या सुखीबाई बोलली. "जित्ता असता तर तोंड उघडलं असतं तुवं?"

"जित्ता असता तर लेकीलेच देल्ला असता, बाई."

"मग त्याले सांगाले कोणाच्या तोंडाले कुलूप होतं?"

श्यामनं पगडी चाचपली. ती त्याला सैल होत होती.

"ताई," तो म्हणाला, "तूच सांग. तू म्हणशील तर आत्ता हात देतो. सगळा तांडा तुले."

वर्षाच्या पक्षाचे दोन कार्यकर्ते कडेला खुर्च्यांवर बसले होते. ते सावरून बसले. हा तांडा वळला की आसपासचे सगळे वळणार, हे त्यांनी येताना गाडीतच सांगितलं होतं. हे गेले तर निवडणूक अर्धी गेली, हेही. तिनं फक्त मान हलवायची होती.

तिनं बैठकीवरून नजर फिरवली. यातल्या कितीतरी जणांची नावं तिनं न्यायाधीशांसमोर उच्चारली होती, प्रत्येकाचं वेगळं. आणि आता त्या सगळ्यांचा एक गठ्ठा बांधून तिच्या हाती देत होते, तेही प्रेमानं. दिल्लीला जायचं तर होतंच. पण हा गठ्ठा काखेत मारून गेलं, तर तिथं उभं राहून बोलायचं काय?

ती उठली. बैठकीशीच बोलायचं होतं. नजर मात्र बापू बसत त्या ओसरीकडं गेली, आणि बोलणं त्यांच्याशीच सुरू झालं.

"बापू, तुमी हात देल्ला तवा मी आत होती. मी पायलं. तिकीट पक्कं नव्हतं म्हणून मी गप बसली, असं सगळ्याइले वाटते. तसं नाही. वकील झाली तवापासून मी गप हाये. तुमी रस्ता आणला, शाळा आणली, तुमच्या तोंडावर कसं म्हणू?"

डोंगरसिंगांनी मान खाली घातली. ती थांबली नाही.

"आत्याचं मत आत्याचं हाये. डोंगरकाकाचं डोंगरकाकाचं. ज्याले द्याचं त्याले देतील, मले नाही देल्लं तरी चालते. ते तुमाले देता येत नव्हतं, बापू. मलेबी घेता येत नाही."