दारालगतची पोती

गोदामावर बॉम्ब पडल्यापासून शाळेच्या हॉलमध्ये गहू निवडायचं काम चाललं होतं. आग विझवताना भिजलेला, काचा मिसळलेला, धुराचा वास लागलेला गहू. त्यातलं काय शिजवायचं आणि काय पुरून टाकायचं, हे काकू ठरवायच्या. पोतं न उघडता त्यांना आतली बुरशी वासावरून कळे. "हिच्यापासून विडीसुद्धा लपत नाही," असं त्यांचा नवरा कौतुकानं सांगायचा. तो त्याच गोदामाचा पहारेकरी होता. ढिगाऱ्यात त्याचं काहीच सापडलं नव्हतं.

शेवटी दारालगतची पोती आली. पहाऱ्याला तो तिथंच बसायचा. पोत्यांवर रक्ताचे काळे, कडक डाग होते. हात लावायला कुणी धजेना. काकू वास घ्यायला वाकल्या आणि पोत्याला कपाळ टेकून तशाच राहिल्या.

नणंद धावत आली. "वहिनी, ही पोती तशीच पुरू या."

काकूंनी पोतं बाजूनं चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "वरचा थर पुरू. आतला गहू कोरडा असेल."

"तुझ्या घशाखाली उतरेल? माझा भाऊ आहे गं तो!"

"आणि माझा कुणीच नव्हता? बाहेरची रांग बघ जरा. पोरं आहेत त्यात."

काकूंनी स्वतःच शिवण उसवली. डागाळलेला गहू आणि त्याच्या आतला वीतभर थर त्यांनी चादरीवर काढला. उरलेल्यातला दाणा दाताखाली फोडून पाहिला. "चांगला आहे," एवढंच म्हणाल्या.

नणंदेनं चादरीची गाठ मारली. दोघींनी शाळेमागे खड्डा खणला. पण गाठोडं ठेवायची वेळ आली तेव्हा काकूंना ते सोडवेना.

"किती हलका झालाय गं," त्या म्हणाल्या.

नणंदेनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

संध्याकाळी त्या गव्हाची पातळ लापशी झाली. रांगेतल्या सगळ्यांना मिळाल्यावर काकूंनी आपली वाटी घेतली. घास फिरेल असं त्यांना वाटलं होतं. पण पोटात आग पडली होती. वाटी केव्हा रिकामी झाली ते कळलंच नाही. त्यांनी ती पुन्हा पुढे केली.

"चांगली लागतेय गं," त्या म्हणाल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

नणंद सरकून त्यांना खेटून बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं मात्र त्या गव्हातलं कधीच काही खाल्लं नाही.